गुरुवार सोडून

आमच्या प्रकल्पाचं मराठी नाव कागदावर आलं तेव्हा त्यातला 'बिनतारी' हा एकच शब्द मला आवडला. बाकीच्या शब्दांवर मी अडखळत होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी माझ्यासाठी घरातल्या बोलण्यापुरती होती. विद्यापीठाच्या तीन विभागांनी मिळून धाराशिवात एक संशोधन हाती घेतलं होतं. माणसाचा मोबाईल हवेत काय काय सांगत सुटतो, त्याच्या खासगीपणाला राज्यघटना किती आधार देते, आणि मनाचा आजार लपवून जगणाऱ्या माणसाचं या सगळ्यात काय होतं, असे तीन प्रश्न होते. त्यासाठी संगणकाचे सर, कायद्याच्या मॅडम आणि मानसशास्त्राच्या मॅडम होत्या. आणि तिघांची मिळून एक सहायक, ती मी.

माझं काम बसायचं होतं, म्हणून ते मला जमलं. पहाटेच एसटी स्टँडवर जायचं, पिशवीत एक छोटी डबी ठेवायची आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहायचं. फोन एकदा एखाद्या वायफायला जोडला की ते नाव तो विसरत नाही. बहुतेक फोन गप्प राहून ओळखीचं कुणी जवळ आहे का ते ऐकतात. पण जुने फोन, आणि कधीकधी नवेसुद्धा, नाव घेऊन हाक मारतात. आहेस का? आहेस का? माझी डबी त्या हाका ऐकायची. कुणाच्या फोनची हाक ते ती टिपत नव्हती, फक्त नाव आणि वेळ. तसं लेखी ठरलं होतं आणि कायद्याच्या मॅडमनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं.

उन्हं वर आली की स्टँडवर एक पेंग उतरायची. पत्र्याखाली माणसं पिशव्यांना टेकून डोळे मिटायची, आणि डबीच्या इवल्या पडद्यावर नावं उमटत राहायची. पुण्यातलं एखादं वसतिगृह, हैदराबादचं एखादं हॉटेल, लातूरची एखादी शिकवणी, कुणाच्या तरी मामाचं घर. कोण कुणाचं ते मला कळायचं नाही, म्हणून मी ती मनानंच वाटून टाकायची. सोनारीला भैरोबाच्या दर्शनाला निघालेल्या, मांडीवर नारळ घेऊन बसलेल्या आजोबांना मी एक विमानतळ दिलं. तेरखेड्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या, बोटांवर फटाक्याच्या दारूचे करडे डाग असलेल्या बाईला समुद्राकाठचं एक लॉज दिलं. मग बराच वेळ मला ती बाई ओल्या वाळूवर पाय ठेवून उभी दिसायची. गाडी लागली की ती उठायची आणि समुद्र तिच्या मागोमाग गाडीत चढायचा.

"काय गं बाई, रोज येतीस आन गाडीत काय बसत न्हाईस," शेंगा विकणारी मावशी एकदा म्हणाली. "कुणाची वाट बघतीस?"

"काम आहे, मावशी."

"बसायचं काम? आमाला बी लाव की चिकटवून."

"बिनतारी संशोधन आहे," मी म्हणाले. दुसरा शब्द सुचला नाही.

मावशीनं टोपलं जरा लांब सरकवलं. "पोलिसात हायस व्हय? आधी सांगायचं न्हाय का!" त्या दिवसापासून ती मला मूठभर शेंगा जास्त द्यायला लागली.

या सगळ्यावरून पप्पांचा आवाज जायचा. पप्पा त्याच स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहेत. सकाळी सहा ते दुपारी दोन ते काचेच्या केबिनमध्ये बसतात आणि माईकवरून सांगतात, तुळजापूरमार्गे सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुकला लागत आहे. घरात त्यांचा आवाज इतका बारीक असतो की पाणी मागितलं तरी आईला दोनदा विचारावं लागतं. मी स्टँडवर बसते हे त्यांना माहीत होतं, पण आम्ही एकमेकांना ओळख दाखवत नव्हतो. तो आमचा न बोलता ठरलेला करार होता.

एकदा परांड्याची गाडी उशिरा लागली म्हणून एक ड्रायव्हर केबिनपाशी येऊन तावातावानं बोलत होता. त्याच्या मागे उभा असलेला कंडक्टर म्हणाला, "अहो साहेब, याच्याकडं लक्ष देऊ नका. मेंटल केस हाय. गोळी चुकली वाटतं आज!" चार जण खो खो हसले. ड्रायव्हरही हसला. पप्पा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. ते हसणं मला वेगळं वाटलं, पण तेव्हा मी ते सोडून दिलं.

पहिल्याच आठवड्यात यादीत एक नाव आलं आणि मग जवळजवळ रोज येत राहिलं. सोलापूरच्या एका मनोविकार दवाखान्याचं. ते नाव इथं लिहीत नाही. तो दवाखाना मला माहीत होता, कारण मानसशास्त्राच्या मॅडमबरोबर मी तिथं जाऊन आले होते. तिथल्या कंपाउंडरनं अभिमानानं सांगितलं होतं की पेशंटची गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही वायफायचं नाव लपवून ठेवलंय, शोधलं तरी दिसत नाही. मॅडमनी त्याचं कौतुक केलं. परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आलं की गोष्ट अगदी उलटी झाली आहे. लपलेलं वायफाय स्वतःहून मी इथं आहे असं सांगत नाही, म्हणून ते शोधायला फोनलाच त्याचं नाव घेऊन हाका माराव्या लागतात. तिथं एकदा जोडलेला फोन मग भाजी मंडईत, लग्नात, स्टँडवर, सगळीकडे तेच नाव घेत फिरतो.

एका दुपारी विभागातलं काम लवकर संपलं म्हणून डबी घरी आणली. चार्ज करायला लावली आणि नीट चालते का बघायला उघडली. घरी उघडायची नाही, हे ठरलेलं होतं. स्टँड सार्वजनिक जागा, घर नव्हे. मी ते विसरले, किंवा मला विसरायचं होतं. आई फोन घेऊन शेजारी गेली होती. पप्पा ड्यूटीवरून येऊन जेवून बाजेवर झोपले होते, फोन छातीवर, श्वासाबरोबर वरखाली होणारा. पडदे ओढलेले होते आणि खोलीत हिरवट उजेड होता. डबीच्या पडद्यावर दवाखान्याचं नाव उमटलं. मी माझा फोन बंद केला. नाव पुन्हा उमटलं. घरात आता एकच फोन चालू होता.

मी कितीतरी वेळ बाजेच्या पायथ्याशी बसून होते. पप्पांचा गुरुवार सुट्टीचा. एक गुरुवार आड ते सोलापूरला कंबरेच्या डॉक्टरकडे जायचे, निदान आम्हाला ते तेवढंच माहीत होतं. ते ओठ किंचित उघडे ठेवून झोपले होते. मला वाटलं, हाका तेच मारत आहेत, झोपेत, आणि ऐकणारी मी एकटीच आहे.

दोन दिवसांनी बैठक होती. जिल्ह्यातले वकील, डॉक्टर आणि अधिकारी यांच्यापुढे आम्ही निष्कर्ष मांडणार होतो. तयारीला बसलो तेव्हा मानसशास्त्राच्या मॅडमनी तक्त्यातल्या दवाखान्याच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही पहिल्या पानावर घ्यायची. यापेक्षा बोलकं उदाहरण मिळणार नाही."

सर तक्ता बघत होते. "रोज सकाळी सहा ते दुपारी दोन, गुरुवार सोडून. म्हणजे प्रवासी नाही. स्टँडवरच कामाला असणारं कुणीतरी."

"कंडक्टर असेल."

"कंडक्टर गाडीबरोबर जातो. हा आठ तास हलत नाही." सरांना कोडं सुटत आल्याचा आनंद झाला होता. ते वाईट माणूस नाहीत. मलाही एरवी तो आनंद झाला असता.

त्या टेबलाशी मी आजवर 'हो सर' आणि 'पाठवते मॅडम' याशिवाय काही बोलले नव्हते. स्टँडवरच्या कुणाही माणसापुढे हा तक्ता ठेवला तर तो काचेच्या केबिनकडे बोट दाखवेल, एवढंच मला दिसत होतं. केबिनपाशी झालेलं ते हसणंही कानात वाजत होतं.

"ती ओळ काढावी, असं मला वाटतं," मी म्हणाले.

"का?" मानसशास्त्राच्या मॅडमना खरंच आश्चर्य वाटलं. "अगं, त्यात कुणाचं नाव कुठंय?"

"वेळ आहे. वार आहे."

"तुला माहितेय का कोण आहे ते?"

हो म्हटलं असतं तर नाव सांगितल्यासारखंच झालं असतं. नाही म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

कायद्याच्या मॅडमनी चष्मा काढला. "मी वर्गात दरवर्षी सांगते, घटनेत खासगीपणा हा शब्द शोधून सापडत नाही. जगण्याच्या अधिकारातून तो काढावा लागला. काढायलाही किती वर्षं गेली." मग मानसशास्त्राच्या मॅडमकडे वळून, "तिनं कारण सांगितल्यावरच आपण झाकणार असू, तर मग झाकलं काय?" त्यांनी पेन्सिलीनं ती ओळ खोडली. "लपवलेल्या वायफायची गोष्ट अहवालात राहू दे. स्टँड, वेळ, वार, काही नको. मूळ फाईलमधूनही काढ, आजच."

सरांनी थोडी कुरकुर केली आणि मग म्हणाले, "ठीक आहे. तसंही सोमवारी शेवटच्या वर्षाची पोरं स्टँडवर हाच प्रयोग करायला जाणार आहेत. वीस डब्या."

ओळ खोडली गेली होती, पण फोन बोलतच होता.

रविवारी संध्याकाळी पप्पा दाराच्या पायरीवर उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. सगळं वाक्य मी मनात आधी इंग्रजीत तयार केलं होतं, मग मराठीत, आणि बोलताना तिसरंच आलं.

"पप्पा, उद्या कॉलेजची पोरं तुमच्या स्टँडवर मशीन घेऊन बसणारेत. फोनमधली जुनी वायफायची नावं त्यांना ऐकू येतात. नको असतील ती काढून टाकायची."

"माझ्या फोनात काय घावनार त्यांना? बघ तूच."

"मला नका दाखवू. मी सांगते, तुम्ही करा." मी त्यांच्याकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. कुठं दाबायचं ते एकेक सांगत गेले.

"अगं माय, लई हायती की! हे आपलं घर. हे तुझ्या आत्याचं. हे कुणाचं... हां, बस डेपोचं." मग ते थांबले. समोरच्या रस्त्यावरून एक म्हातारी शेळ्या घेऊन घरी चालली होती, कुणाला तरी हळू आवाजात रागावत. बहुतेक शेळीलाच.

"हे एक काढलं," पप्पा म्हणाले, "तर तिथं परत लागंल का?"

"लागेल. नाव आणि पासवर्ड पुन्हा टाकावा लागेल."

"मला गुरुवारी परत लागंल ते. लई वेळ बसावं लागतं तिथं."

मी मागे हात करून एक शेंग उचलली.

"कंबर न्हाय दुखत माझी," पप्पा म्हणाले.

"हो."

"म्हंजी तुला ठावं हाय."

"मशीननं सांगितलं. घरी उघडायला नको होतं मी. चूक झाली माझी."

पप्पांनी विचारलं, "मशीनला कसं कळलं? त्यांनी तर नावच लपवलंय. कंपाउंडर कानाशी येऊन सांगतो."

मी सांगितलं, लपवलंय म्हणूनच. फोनला नाव घेऊन ओरडावं लागतं. ते ऐकून पप्पा हसायलाच लागले, घरात कधी न ऐकलेलं हसणं, शेंगा मांडीवरून सांडेपर्यंत. "म्हंजी मी माईकवर तुळजापूर, तुळजापूर करतोय, आन खिशात हे येडं दवाखाना, दवाखाना करतंय!" मग माझ्या पाठीमागे बोट दाबल्याचा टक असा आवाज झाला. "गेलं बघ."

मी वळले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "ड्यूटी सुटली तरी गाड्या डोक्यात चालूच ऱ्हातात," ते म्हणाले. "झोपलो तरी लागत्यात. आता कमी झाल्यात. गोळीनं."

"दुपारी झोप लागते तुम्हाला. मी बघितलंय."

"व्हय. लागती आता."

आतून आई म्हणाली, "काय गं, काय एवढं हसताय बापलेक?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागले. ते सांगायचं की नाही, हे मी ठरवायचं नव्हतं.

"भाहिर ये," ते आत बघून म्हणाले, स्टँडवरच्या आवाजात, एकदाच सांगून ऐकू जाईल असं. "बस जरा. सांगतो."

मी उठले आणि तिला पायरीवर जागा करून दिली.