गुरुवार सोडून

गाठ आंघोळ घालताना हाताला लागली. आमच्या कुत्रीच्या पोटाखाली, मागच्या पायांच्या जरा अलीकडे, वाटाण्याएवढं काहीतरी टणक. साबण धुऊन मी पुन्हा चाचपलं. होतंच. कुत्री अंग झाडून गॅलरीत पळाली आणि मी ओल्या हातांनीच नवऱ्याला हाक मारली.

वार अर्थात गुरुवार. आम्ही राहतो थेरगावात. मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि नवरा भोसरीच्या बाजूला दुसऱ्या एका कंपनीत, शिफ्टमध्ये. दोघांची सुट्टी गुरुवारी. या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची ती त्याच दिवशी असते. त्यामुळे आमच्या घरात बँक, दाढ काढणं, लग्नाची खरेदी, पाहुणे आणि कुत्रीची आंघोळ, सगळं गुरुवारी. रविवारी आम्ही डबा घेऊन कामावर जातो आणि रस्ता मोकळा मिळाला म्हणून खूश होतो.

कुत्री मूळची आमच्या कंपनीच्या गेटवरची. सिक्युरिटीच्या केबिनला टेकून वाढलेली. कंपनीनं गेट पलीकडच्या बाजूला हलवलं, वॉचमन तिकडे गेले, ही मात्र जुन्या बंद गेटपाशीच बसून राहायची. मी घरी सहज बोलले. पुढच्या सुट्टीला नवरा गाडी घेऊन गेला आणि तिला मागच्या सीटवर बसवून घेऊन आला. ‘बघायला गेलो होतो,’ एवढंच म्हणाला. तेव्हापासून ती आमची, आणि खरं सांगायचं तर जास्त त्याची. रात्रपाळी करून तो दिवसा झोपतो तेव्हा ती दाराला पाठ लावून बसते आणि कुरियरवाल्यालाही बेल वाजवू देत नाही.

दरवर्षी लस टोचायला एक वयस्कर डॉक्टर घरी यायचे. त्यांनी गाठ पाहिली. म्हणाले, “काढून टाका. वाटाणा आहे तोवर सोपं असतं.”

“तुम्हीच काढाल ना?”

“मी ऑपरेशनं सोडली, ताई. हात कापतो. चांगला दवाखाना बघा.”

“कुठला?”

“आता गल्लोगल्ली आहेत. मी एकाचं नाव घेतलं की दुसरा रुसतो. तुम्हीच बघा, तुम्ही व्यवस्थित आहात.”

ते गेले आणि नवरा खुर्चीत बसून राहिला. कुत्री त्याच्या पायावर डोकं ठेवून पडली होती. “वाचेल ना गं?” त्यानं विचारलं. दवाखाना कसा निवडायचा ते मला येत होतं, म्हणून मी उठून कागद काढला.

ते मला येतं असं वाटण्याला कारण होतं. माझी नोकरीच ती. आम्हाला माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांना भेटी द्यायच्या, जागा, मशीन, माणसं, स्वच्छता बघायची, गुण द्यायचे आणि कुणाला काम द्यायचं ते ठरवायचं. दवाखान्यासाठी मी तसाच तक्ता केला. घरापासूनचं अंतर. गाडी लावायला जागा. एक्स-रे तिथेच होतो का. भूल द्यायला वेगळा माणूस आहे का. ऑपरेशननंतर जनावर कुणाच्या नजरेखाली असतं. आणि अर्थातच, गुरुवारी चालतं का.

“हे काय सप्लायर आहेत का?” नवरा म्हणाला. “कुत्री दाखवायचीय, नट-बोल्ट घ्यायचे नाहीत.”

“मग तुम्ही ठरवा.”

“नाही, तूच ठरव. फक्त लवकर ठरव.”

खाली घरमालकांची आत्या जिन्यात भेटली. थेरगाव गाव होतं तेव्हापासूनचं हे घर. आत्यांच्या दोन म्हशी आजही मागच्या शेडमध्ये आहेत. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “एवढं शोधायचं काय त्यात? आमच्या म्हशीला बघणारा डाक्तर हाय की. हात खांद्यापतुर आत घालतो, पर वासरू सुखरूप काढतो.”

“आत्या, माझी कुत्री म्हशीच्या एका पायाएवढी आहे.”

“मग तर सोपं हाय!”

तरी मी आत्यांच्या डॉक्टरांना फोन केला. भला माणूस. ते हसून म्हणाले, “ताई, आत्यांना सांगा, माझा हात तिथं मावणार नाही.” आत्यांना मी हे सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी दवाखाने बघायला निघाले. कुत्री घरीच ठेवली. कारखाना तपासायला जाताना आपण माल घेऊन जात नाही, त्यामुळे तिला न्यावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

हिंजवडीच्या रस्त्यावरचा दवाखाना काचेचा होता. आत गारवा, मऊ सोफे, भिंतीवर मांजरांची सुंदर चित्रं. गळ्यात ओळखपत्र तसंच ठेवून आलेली तरुण मंडळी मांडीवर पिल्लं घेऊन बसली होती. काउंटरवरच्या मुलीनं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हसून दिलं. एक्स-रे आहे, मॅडम. भुलीचे डॉक्टर बाहेरून येतात, मॅडम. गुरुवार? नक्की, मॅडम, सकाळी दहाला चालेल?

दुसरा दवाखाना चिंचवडगावात, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. बाहेर गाडी लावायला जागा नाही, आत बसायला नाही. अर्धं चाकण आणि अर्धं भोसरी तिथे कुत्री घेऊन उभं होतं. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, केस वर बांधलेले, बोलणं तुटक.

“कुत्री कुठंय?”

“घरी.”

“मग मी बघू काय?”

“आधी दवाखाना बघायला आलेय.”

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. “बघा. चपला बाहेर काढून आत जा, ती ऑपरेशनची खोली.” खोली जुनी होती, पण लखलखीत. माझ्या प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली, एका जखमी बोक्याचं बँडेज सोडता सोडता. शेवटी मी वार विचारला.

“गुरुवारी ऑपरेशन नाही. गुरुवार सोडून कुठलाही वार सांगा.”

तेवढ्यात बोका सुटला, धावपळ झाली आणि मी बाहेर पडले. तक्त्यात लिहिलं, ‘वेळ सोयीची नाही’. संध्याकाळी बेरीज केली. काचेचा दवाखाना बराच पुढे होता. लगेच पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आणि नवऱ्याला कागद दाखवला. त्यानं तो वाचला नाही, नुसती मान हलवली आणि कुत्रीच्या पोटाकडे पाहिलं.

आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, आमची बस चाकणच्या चौकात ट्रकांच्या मागे अडकली होती. मोबाइलवर वीज कंपनीचा नेहमीचा मेसेज आला. देखभालीच्या कामासाठी उद्या गुरुवारी सकाळपासून पुरवठा बंद राहील. असा मेसेज अधूनमधून येतो आणि मी टाकी भरायची एवढंच त्यातून लक्षात घेते. त्या दिवशी मात्र मी तो पुन्हा वाचला, दवाखाना ज्या भागात आहे त्याचं नाव यादीत होतं, आणि फोन लावला.

“मॅडम, काळजी करू नका, बॅकअप आहे,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“जनरेटर?”

“इन्व्हर्टर.”

“त्याच्यावर काय काय चालतं?”

“लाइट, पंखे, कॉम्प्युटर.”

“आणि ऑपरेशनच्या खोलीतली मशीन?”

“सरांना विचारून सांगते, मॅडम. पण लाइट दुपारपर्यंत येते सहसा.”

शेजारच्या सीटवर आमच्या मेंटेनन्समधले एक जुने सहकारी बसले होते. ते ऐकून हसायला लागले. “अहो ताई, गुरुवारी लाइट बंद ठेवतात म्हणून तर आपल्याला गुरुवारची सुट्टी! एवढी वर्षं काय वाटलं तुम्हाला, दत्ताचा वार म्हणून देतात?”

बसमधले बाकीचेही हसले. मीही हसले असते, पण डोळ्यांसमोर तो तक्ता आला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नोकरीला लागले तेव्हाच कुणीतरी सांगितलं होतं. पण सुट्टी अंगवळणी पडली आणि तिचं कारण कुठेतरी मागे राहिलं. गुरुवार म्हणजे मोकळा दिवस, एवढंच उरलं. ज्या दिवशी लाइट जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच दिवशी मी कुत्रीला भूल देऊन टेबलावर ठेवणार होते, आणि त्या सोयीला गुणही देऊन बसले होते.

बस जागची हलेपर्यंत मी ती वेळ रद्द केली आणि चिंचवडगावात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी स्वतः उचलला.

“गुरुवारी तुम्ही का करत नाही, हे मी विचारलंच नाही,” मी म्हटलं.

“विचारलं असतं तर सांगितलं असतं. तेव्हा तो बोका कपाटावर चढला होता. जनरेटर आहे माझ्याकडे, पण तो मधेच बंद पडला तर? अगदीच जिवावर बेतलं असेल तर करते. तुमची गाठ चार दिवस थांबू शकते. उद्या कुत्रीला घेऊन या.”

“उद्या काय करणार?”

“भेटणार. अजून भेट कुठे झालीय आमची?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. दारातच कुत्रीनं चारही पाय रोवले. नवऱ्यानं तिला उचलून आत नेलं, तर स्टीलचं टेबल बघून ती थरथरायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “टेबल राहू दे,” आणि जमिनीवर सतरंजी टाकून खाली बसल्या. कुत्रीकडे बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याशी बोलत राहिल्या. काय खाते, जिने चढताना दमते का, झोपते कुठे. माझ्याकडे सगळं लिहिलेलं होतं, पण त्यांनी त्यालाच विचारलं आणि तोही कधी नव्हे तो इतका बोलला. बोलता बोलता कुत्री त्याच्या मांडीवरून उतरली, बाईंचा गुडघा हुंगला आणि तिथेच टेकली. मग बाईंनी हात हळूच पोटाखाली नेला. कुत्रीनं नुसते कान मागे केले.

“एकच आहे. सरकतेय, म्हणजे खोल रुतलेली नाही,” त्या म्हणाल्या. “आधी छातीचा एक्स-रे काढू, तिकडे काही पोचलेलं नाही ना ते बघू. मग काढून टाकू. गाठ कसली आहे ते तपासणीला पाठवल्यावर कळेल. आत्ता मी खोटा धीर देणार नाही, पण हातात वेळ आहे.”

त्यातलं ‘वेळ आहे’ एवढंच नवऱ्यानं धरलं. परत येताना गाडीत दोनदा म्हणाला.

छाती स्वच्छ निघाली. मंगळवार ठरला. रजा मागायला गेले तेव्हा साहेबांनी मान वर केली, कारण मी एरवी रजा मागत नाही.

“काही सीरियस?”

“घरात ऑपरेशन आहे.”

“अरे! मिस्टरांचं?”

“नाही. आपल्या जुन्या गेटवरच्या कुत्रीचं.”

साहेब क्षणभर गोंधळले, मग म्हणाले, “ती तपकिरी? माझ्या गाडीमागे धावायची ती?” आणि सही केली. “सांगा तिला, बंपर अजून तसाच आहे.”

मंगळवारी तिला आत नेल्यावर आम्ही बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. पंखा फिरत होता आणि मी त्याच्याकडेच बघत होते. नवऱ्याच्या हातात पट्टा होता, त्याची गुंडाळी तो करायचा, सोडायचा. मी चहा आणला. तो गार झाला. दार उघडून बाई बाहेर आल्या तेव्हा आम्ही दोघं एकदमच उभे राहिलो.

“शुद्धीवर येतेय. गाठ आजूबाजूच्या भागासकट काढली. जाऊन बसा तिच्याजवळ, पण तिला उठवू नका.”

नवरा आत गेला आणि तिच्या कानाशी बसला. डोळे अर्धवट मिटलेले असताना तिची शेपटी सतरंजीवर एकदा आपटली. मी बाहेर येऊन चेहरा धुतला.

टाके चाटू नयेत म्हणून तिला नवऱ्याचा कंपनीचा जुना टी-शर्ट घातला, पुढचे पाय बाह्यांतून काढून. खाली नेली तर आत्या म्हशींचं पाणी टाकून बघायला आल्या. “आँ! हिला पण नोकरी लागली व्हय? कंच्या शिफ्टला?”

“जनरल शिफ्ट, आत्या,” नवरा म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याला कुणाला तरी उलट उत्तर सुचलं होतं.

तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा मी कामावर होते. बाईंनी फोन करून आधी रिपोर्ट वाचून दाखवला, मग समजावून सांगितला. गाठ अगदी निरुपद्रवी नव्हती. वाढली असती तर त्रास दिला असता. पण कडा सगळीकडून स्वच्छ होत्या, मागे काही राहिलं नव्हतं. अधूनमधून दाखवत राहायचं, दर आंघोळीला पोट चाचपायचं.

मी घरी फोन लावला. नवरा रात्रपाळी करून झोपला होता, पण पहिल्याच रिंगला उचलला. मी सगळं क्रमानं सांगितलं, कडा, पेशी, पुढच्या तपासण्या. तो ऐकत राहिला.

“म्हणजे काय झालं?” शेवटी त्यानं विचारलं.

“म्हणजे ती म्हातारी होईल,” मी म्हटलं.

मग त्याचा आवाज, एकदम जागा झालेला. “मग तिला जिने कसे झेपणार गं? तिसरा मजला आहे आपला. लिफ्ट नाही.”

“उचलून आणाल तुम्ही.”

“मी पण म्हातारा झालेलो असेन तेव्हा.”

“मग खालचं घर बघू,” मी म्हटलं. “आजच विचारते आत्यांना, तळमजल्यावरची ती मागची खोली कधी रिकामी होतेय ते.”