ओ दिलेल्याला

आमच्या सर्जापूर रोडच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ मूळचे निपाणीचे. वय अडुसष्ट, बंदूक कधी हातात धरलेली नाही. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत एल्कच्या शिकारीला जाणार आहेत. एल्क म्हणजे काय, असं कुणी विचारलं की "सांबरच, पण घोड्याएवढं," असं सांगतात. तिथल्या वाटाड्याने चढायची सवय करायला सांगितल्यापासून ते पाठीवर दहा किलो सोना मसुरी घेऊन गच्चीपर्यंत जिना चढतात. त्या तांदळाला त्यांची बायको अजून हात लावू शकलेली नाही.

सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालते, तेव्हा ते एल्कच्या नराला जवळ बोलावायच्या हाकेचा सराव करतात. त्यासाठीची शिट्टी तोंडात टाळूला धरायची असते, पण कवळी आड येते. म्हणून कवळी शर्टाच्या खिशात ठेवून ते एल्कच्या मादीसारखा बारीक आवाज काढतात. मग मान कलती करून बराच वेळ गप्प उभे राहतात.

"कशाची वाट बघताय?" मी काल विचारलं.

त्यांनी आधी कवळी बसवली. "हाक मारली अक्का, तर ओ यायची वाट बघायला पायजे की."

"आणि ओ आली तर?"

त्यांनी खाली तुंबलेल्या गाड्यांकडे पाहिलं. "ओ दिलेल्यालाच मारायचं असतंय म्हणे."

आज ते तांदूळ घेऊन वर आले, शिट्टीही आणली होती. कवळी मात्र त्यांनी तोंडातच ठेवली.