उचलायचं नाही

इंग्रज साहेब गेले त्या दिवशी सगळं शहर रस्त्यावर उतरून घसा बसेपर्यंत ओरडत होतं. आयाबाई मात्र बंगल्याच्या मागच्या खोलीत साहेबाच्या धाकट्या लेकाचे मोजे ट्रंकेत भरत होती. एक मोजा सापडेना. बाहेर देश स्वतंत्र होतोय आणि ही बाई पलंगाखाली वाकून मोजा शोधतेय! हसायचं तर खुशाल हसा. पण जहाजावर पोराचा पाय गारठेल याची काळजी तिच्याशिवाय त्या घरात कुणालाच नव्हती.

नवरा गेला तेव्हा तिची लेक अंगावर पीत होती. बंगल्यावर आयाची जागा निघाली, पण आयाने तिथेच राहायचं आणि स्वतःचं मूल आणायचं नाही, अशी अट. तिने लेक बहिणीच्या ओटीत घातली नि गेली. मग साहेब बदलले, मडमा बदलल्या. जाणारी मडम तिला येणारीच्या हवाली करायची, खुर्च्या-पडद्यांबरोबर. लेकीला भेटायला महिन्याकाठी अर्धी सुट्टी मिळायची, तीही बंगल्यावर पाहुणे नसले तर.

पहिल्या मडमेने तिला एकच गोष्ट पक्की शिकवली होती. पाळण्यातलं मूल घड्याळाप्रमाणे पाजायचं, घड्याळाप्रमाणे झोपवायचं, दार लावून बाहेर उभं राहायचं. रडलं तर रडू द्यायचं, उचलायचं नाही. उचललं की मूल बिघडतं. सुरुवातीला आयाबाई दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहायची. एकदा न राहवून आत शिरली, तर मडमेने दंडाला धरून बाहेर काढली. पुढे ती हात मागे बांधून उभी राहायला शिकली. तिच्या हातची पोरं कशी शिस्तीची, असं कौतुक होऊ लागलं, आणि कौतुक कुणाला कडू लागतं?

साहेब गेल्यावर बंगल्यात आपलाच अधिकारी आला. त्याच्या घरात आई, काकू, आत्या असा गोतावळा. तिथे आया कुणाला हवी? गावात काम मागायला गेली तर ‘साहेबाच्या मिठाची’ म्हणून बायका तोंडं फिरवायच्या. बहीण तोवर वारली होती. शेवटी जावयानेच तिला आपल्या दीड खोलीत आणलं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा हसतमुख माणूस तो.

लेक टेलिफोन कचेरीत लागली होती. नव्या सरकारने बायकांना घेतलं, त्यातली ही. आईशी वाईट वागायची नाही. ताट वाढायची, अंथरूण घालायची, ‘तुम्ही’ म्हणायची. मावशीला शेवटपर्यंत ‘आई’ म्हणाली. आयाबाईला मात्र हाक मारायची वेळच येऊ द्यायची नाही. आणि कामाला जाताना तान्हं बाळ शेजारणीकडे ठेवायची. आयाबाई खिडकीशी बसून ते जाताना बघायची. दुसऱ्यांची इतकी पोरं वाढवली, पण स्वतःच्या नातवाला हात लावायची चोरी! लेकीने एकदाच, आपण होऊन, बाळ आपल्याकडे द्यावं, एवढंच तिला या जगाकडून हवं होतं.

“अगं, घरात बंगल्यावरची आया असताना शेजारणीची मनधरणी कशाला?” एक दिवस जावई म्हणाला.

लेकीने त्याही दिवशी बाळ शेजारणीकडेच नेलं. पण त्याच आठवड्यात शेजारीण अंथरुणाला खिळली, आणि सकाळी लेकीने बाळ आणून आयाबाईच्या मांडीवर ठेवलं.

“दुपारी येते मी. बघाल ना?”

“अगं, बघाल काय विचारतेस!” आयाबाईने लगेच बाळाभोवती पदर ओढला.

त्या दिवशी तिने सगळी कला पणाला लावली. बाळाला न्हाऊ घातलं, घड्याळ बघून दूध पाजलं, दुपट्यात गुंडाळलं, आतल्या खोलीत निजवलं, दार ओढून घेतलं. लेकीला दाखवायचं होतं, मूल असं वाढवतात!

थोड्या वेळाने बाळ रडू लागलं. तिने दाराला कान लावला. भुकेचं रडणं नव्हतं, पोटदुखीचं नव्हतं. तिला कळत होतं ते कशाचं आहे. तिचे हात मागे गेले आणि एकमेकांत अडकले. बाळाने टाहो फोडला. ती जागची हलली नाही.

लेक आली ती गल्लीतूनच रडणं ऐकत, धावत. दार ढकलून आत गेली, बाळाला छातीशी धरून बाहेर आली.

“काय झालंय याला?”

“काही नाही गं. ताप नाही, पोट मऊ आहे. नुसतं उचलून हवं होतं त्याला.”

“मग?”

“सवय लावायची असते. दोन-चार दिवस रडेल, मग आपोआप थांबेल.”

“का थांबेल?”

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. “कुणी येत नाही, हे कळतं ना त्याला,” ती बोलून गेली. बोलल्यावर तिला स्वतःच्याच शब्दांची भीती वाटली.

लेक बाळाची पाठ थोपटत राहिली. मग हळू म्हणाली, “तुमची सुट्टी संपली की मी दाराशी रडायचे. आई, म्हणजे मावशी, ओढून आत न्यायची. मग एकदा थांबले.”

राग नव्हता तिच्या आवाजात. राग असता तर आयाबाईने पाय धरले असते. लेकीने पायात चपला घातल्या आणि बाळाला घेऊन ती आजारी शेजारणीची सून उद्यापासून बाळ ठेवून घेईल का, ते विचारायला गेली.

आयाबाई तिथेच भिंतीला टेकली. तो दिवस तिला आठवला. लेक दाराशी नुसती उभी होती, डोळे कोरडे, हातात काहीतरी खेळणं. मागे वळून बघायला लागलं नाही म्हणून ती त्या दिवशी बंगल्यावर भरभर, हलक्या पायाने गेली होती. आणि गेल्या गेल्या खानसाम्याला आनंदाने सांगितलं होतं, पोर माझी शहाणी झाली.