भैय्याजींच्या पुंगळ्या

कारध्याला पुलाजवळ बाबुलालचं घर, आणि त्या घरात माणूस एकच. बायको बायजाबाई गेली, पोरगा अश्विन पुण्याला नोकरीवर. भंडाऱ्याच्या भांड्यांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं त्यानं खराद, म्हणजे लेथ, चालवला. पितळ कुठं दबेल, कुठं तडकेल, हे त्याच्या बोटाला कळायचं. पण शिकल्यासवरल्यांनी त्याला कधी कारागीर म्हटलं नाही. म्हटलं ते "ए मिस्त्री."

एकच माणूस नावानं हाक मारायचा. आंधळगावचे भैय्याजी, रिटायर मास्तर, रायफलचे नेमबाज. स्पर्धेच्या गोळ्या ते स्वतः भरायचे, रीतसर परवानगी होती. पण उडालेल्या गोळीची पितळी पुंगळी फुगते. परत भरण्याआधी ती हातप्रेसवर चढवलेल्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मापात आणावी लागते. ते काम बाबुलालचं. अठरा वर्षं दर रविवारी मोटारसायकल दारात थांबली, "जयभीम बाबू, चहा मांड" असा आवाज आला, आणि दोघं दुपारपर्यंत प्रेसजवळ बसले. स्पर्धेचे कप भैय्याजींच्या नावावर गेले. जाऊ द्या. रविवार बाबुलालच्या नावावर होता.

डाय दोन होत्या. एक पुंगळीची नुसती मान दाबायची. बाकीचं अंग ज्या रायफलीत फुगलं त्या रायफलीच्या मापाचंच राहायचं, तिथं अंगच्या शर्टासारखं बसायचं. ही डाय बाबुलालनं स्वतः खरादावर काढलेली, आणि चालायची ती त्याच्याच हातात. दुसरी विकतची, सगळं अंग दाबून कोऱ्या मापावर आणणारी. ती क्वचितच डब्याबाहेर निघायची.

मागच्या पोळ्याच्या आधी भैय्याजी गेले. रायफल नागपूरच्या कोणीतरी घेतली. दोनशे पुंगळ्या तेवढ्या बाबुलालकडे राहिल्या, बिस्किटाच्या डब्यात.

धान निघाल्यावर एका रविवारी दारात स्कूटर थांबली. भैय्याजींची मुलगी ज्योत्सना. तीही नेमबाज.

"काका, बाबाच्या पुंगळ्या मले तयार करून द्या ना. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. माझी रायफल नवी आहे, पण काडतूस तेच."

"चिंता नोको करू. पुढच्या रविवारी येजो."

ती गेली आणि बाबुलालनं मानेची डाय काढली. इथंच तो चुकला, आणि चुकतोय हे त्याला कळत होतं. काडतूस तेच तर आहे, असं स्वतःला सांगत त्यानं चाळीस पुंगळ्या दाबल्या. खरी गोष्ट वेगळी होती. या डायनं काम केलं की पोरीला दर खेपेला आपल्याच दारी यावं लागेल. आणि भैय्याजींच्या रायफलीचं माप जगात आता या पितळातच उरलेलं. ते आपल्या हातानं पुसायचं?

रविवारी ज्योत्सना रायफल घेऊन आली. रिकामी पुंगळी आत सरकवली. बोल्ट अर्ध्यावर अडला. दुसरी घातली. तेच.

"काका, बोल्ट बंद होऊन नाही राहिला."

"रायफलच आखूड आहे तुई!" बाबुलाल भडकला. "तुया बापानं अठरा वर्षं याच मापावर कप आणले. मले शिकवतं काय?"

"शिकवून नाही राहिली." ती पुंगळी बोटात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "रायफल बाबाची नाही काका. माझी आहे."

बाबुलाल उठला, डायचा डबा उपसला, दुसरी डाय काढून प्रेसवर चढवली. थोडी खाली घ्यायची, पुंगळी दाबायची, रिकाम्या रायफलीत घालून पाहायची. परत थोडी खाली. पाचव्या खेपेला बोल्ट बिनआवाज बंद झाला. माप हलू नये म्हणून तिथं त्यानं डायचा नट कसला.

मग प्रेसची दांडी ज्योत्सनानं ओढली. तो नुसता पुंगळ्यांना तेलाचं बोट लावून देत होता. पोरीचा हात सरळ होता, बापासारखा. दुपारपर्यंत डबा संपला. सगळ्या पुंगळ्या सारख्या, कोऱ्या.

बाबुलालनं पान्यानं प्रेस टेबलावरून सोडवला आणि डायसकट पोत्यात गुंडाळला.

"हे काऊन काका?"

"नट कसला आहे. आता कोणीबी दांडी ओढन. घेऊन जाय."

"मग मी रविवारी..."

"कायले येतं? काम झालं ना."

असं काही तो बोलणार नव्हता. पण निघून गेलं तोंडातून, आणि निघालेला शब्द परत घेणारा माणूस तो नव्हे. पोत्याचं ओझं पायाशी ठेवून स्कूटर पुलावर चढली. मानेची डाय तेवढी टेबलावर राहिली. ज्या रायफलीसाठी काढली ती रायफलच आता नव्हती.

पुढच्या रविवारी बाबुलालनं टेबल पुसलं. प्रेस जिथं कसलेला असायचा त्या चार भोकांत पितळेचा भुगा अडकलेला, तो काडीनं काढला. दहाच्या सुमारास पुलाकडून गाडीचा आवाज आला. तो उंबऱ्यापर्यंत गेला. मासळीवाला सुखराम होता, न थांबता करडी गावाकडे गेला.

"मीच म्हटलं ना, कायले येतं," बाबुलाल मोठ्यानं बोलला. घरात ऐकायला कोणी नव्हतं. तो आत गेला आणि पुसलेलं टेबल परत पुसू लागला.