कौलावरची बोटे

पावणेचार. ऊर्मिलाचा दिवस तेव्हा सुरू व्हायचा. घरातले कोणी उठू नये म्हणून गजर वाजण्याआधी ती तो बंद करी. चहा उभ्यानेच. मग सायकल काढून जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या स्टेशनाजवळच्या बेकरीत. पहिल्या पाळीला जाणारे कामगार तिच्याकडून पाव आणि कॉफी घेत. ते येण्याआधी फळ्यांवर पाव लागलेला हवा. साडेआठला ती एप्रन काढी, उरलेल्या ब्रेत्झेलची पिशवी घेई आणि बस पकडून संग्रहालयात जाई. ब्रेत्झेल म्हणजे गाठ मारलेला खारट पाव. तेच तिचे दुपारचे जेवण.

ऊर्मिला माझी सून. मी शिरोलीला फाउंड्रीत मोल्डर होतो. निवृत्त होईपर्यंत साचे भरले. आता दर उन्हाळ्यात तीन महिने मुलाकडे येतो. हृषिकेश इथल्या केमिकल कारखान्यात इंजिनिअर आहे. गावी गेलो की लोक त्याच्याबद्दल विचारतात. मी सांगतो. ऊर्मिलाबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहायला घेतले.

ती कोल्हापुरात शिक्षिका होती. चौथीचा वर्ग. इथे तिची पदवी चालली नाही. पुन्हा परीक्षा द्या, पुन्हा शिका, असे सांगण्यात आले. तेव्हा त्यांची मुलगी उर्जा लहान होती. ऊर्मिला जर्मन शिकली आणि बेकरीत उभी राहिली. तक्रार केली नाही. पण शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर मुलांचा घोळका दिसला की ती थांबायची. मी पाहिले आहे.

ऱ्हाईनच्या जुन्या पात्राजवळ एका गावात पूर्वी कौलांचा कारखाना होता. नदीच्या गाळाची माती तिथेच मिळे. कारखाना बंद पडला. भट्टी, शेड आणि कौले वाळवायच्या फळ्या राहिल्या. आता ते संग्रहालय आहे. शाळांच्या सहली येतात. आधी मुलांना भट्टी दाखवतात. आत शिरता येते, आवाज घुमतो, म्हणून सगळी मुले ओरडतात. मग शेडमध्ये प्रत्येक मूल स्वतःच्या हाताने एक कौल करते. कौल वाळायला आणि भाजायला काही आठवडे लागतात. नंतर वर्ग परत येऊन आपापले कौल घेऊन जातो.

ऊर्मिला तिथे आधी शनिवारी मदतीला जाई, फुकट. पुढे एकेक गट मिळू लागला. त्या वर्षी तिथली एक बाई निवृत्त होणार होती. जागा पक्की होती, करार होता. प्रमुख फ्राऊ हेल्मरिश, म्हणजे हेल्मरिशबाई, यांनी ऊर्मिलाला तीन महिन्यांच्या प्रोबेत्साइटवर घेतले. म्हणजे काम करून दाखवा, मग ठरवू. इतक्या वर्षांनी तिला पुन्हा रोज वर्गासमोर उभे राहायला मिळणार होते. ते मिळते की हातचे जाते, एवढाच प्रश्न होता.

मी एकदा पेन्शनराचे तिकीट काढून बघायला गेलो. शेडच्या कडेला बाकावर बसलो. काम सोपे नाही. लाकडी चौकटीत आधी बारीक वाळू भुरभुरायची. मग मातीचा गोळा डोक्यावर उचलून चौकटीत आपटायचा. हळू ठेवला तर कोपरे भरत नाहीत. वरची जास्तीची माती पट्टीने कापायची. शेवटी ओली बोटे वरून खालपर्यंत ओढायची. त्या रेघांतून पावसाचे पाणी खाली उतरते. ऊर्मिला एकदाच करून दाखवी. मी तिने गोळा आपटल्याचा आवाज ऐकला. बरोबर होता.

मुले डबे खायला बाहेर गेली. ऊर्मिला फळ्यांवरून फिरली. कुठे कोपरा भरला, कुठे कड सरळ केली, कुठे वाकड्या रेघा पुसून स्वतःची बोटे ओढली. भराभर. मुले परत येईपर्यंत सगळी कौले एकसारखी. मला त्यात वावगे दिसले नाही. वाईट साचा कोणी पुढे पाठवत नाही.

तो वर्ग जूनमध्ये कौले न्यायला आला. त्या दिवशी मी नव्हतो. रात्री जेवताना ऊर्मिलानेच सांगितले.

योहाना नावाची मुलगी होती. तिने आपले नाव कोरलेले कौल हातात घेतले. रेघांवर बोटे ठेवली. मग म्हणाली, "हे माझं नाही."

"नाव तुझंच आहे," ऊर्मिला म्हणाली.

"नाव माझं आहे. बोटं माझी नाहीत."

तिने बोटे रेघांत ठेवून दाखवली. भाजल्यावर माती आकसते. तरी प्रत्येक रेघ त्या पोरीच्या बोटापेक्षा रुंद होती. मग शेजारच्या मुलाने आपली बोटे लावून पाहिली. मग सगळ्यांनीच. फ्राऊ हेल्मरिश दारात उभ्या होत्या.

वर्ग गेल्यावर त्या ऊर्मिलाला एवढेच म्हणाल्या, "मुलं इथे कौल न्यायला येत नाहीत. करायला येतात. तुम्ही त्यांचं काम काढून घेतलंत." पुढच्या गुरुवारी शेवटचा गट होता. मग शाळांना सुट्टी आणि प्रोबेत्साइट संपणार. त्या गटाच्या वेळी त्या स्वतः शेडमध्ये बसणार होत्या.

ऊर्मिलाने भाजीला हात लावला नव्हता.

"अगं, आपल्याकडे असंच असतं," हृषिकेश म्हणाला. "किल्ला बाप बांधतो, पोरगं वर मावळे ठेवतं. शाळेतला प्रोजेक्ट आई करते, मार्क पोराला. तू काय वेगळं केलंस?"

"विनोद करू नकोस."

"विनोद नाही. माझं डिप्लोमाचं ड्रॉइंग सोडलं तर काही माझं नव्हतं."

"ते तरी तुझं होतं का?" मी विचारले.

"बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

ऊर्मिला थोडी हसली. मग म्हणाली, "मी वर्गात पण हेच करायचे. मुलांची चित्रं मीच नीट करायचे, प्रदर्शन चांगलं दिसावं म्हणून. सगळे म्हणायचे, काय सुंदर वर्ग आहे बाईंचा."

उर्जा तेव्हा आठ वर्षांची होती. तिला मराठी कळते, उत्तर जर्मनमध्ये येते. ती ताटातून मान वर न करता काहीतरी बोलली. मी हृषिकेशकडे पाहिले.

"ती म्हणते, आई माझ्या दप्तराची चेन पण लावते. मला लावता येते."

"गेनाऊ," उर्जा म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर.

ऊर्मिलाने ताट पुढे ओढले आणि जेवली.

त्यानंतरचे दिवस मी पाहिले. सवय सोडणे हे मातीच्या कामापेक्षा जड काम आहे. उर्जा बुटाच्या नाड्या बांधत बसे. बस चुकायची वेळ येई. ऊर्मिला दारात उभी, दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचे मनगट धरलेले. उर्जा पोळी लाटे. ती आफ्रिकेच्या नकाशासारखी होई. ऊर्मिला तीच तव्यावर टाकी आणि आम्ही खाऊ. एकदा तिचा हात सुटला आणि उर्जाची वेणी नीट करायला गेला. उर्जाने नुसते वळून पाहिले. हात परत मागे.

"पोलीस कस्टडीतल्यासारखी दिसतेस," हृषिकेश म्हणाला.

"अटक मीच केली आहे," ती म्हणाली.

गुरुवारी मी तिला बसस्टॉपवर गाठले आणि बरोबर गेलो. बेकरीतून ती थेट आली होती. केसांत पीठ होते. तिसरीचा वर्ग होता. फ्राऊ हेल्मरिश शेडच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसल्या. त्यांच्या हातात कागद नव्हता, काही नव्हते. नुसत्या बघत होत्या.

भट्टी झाली, ओरडून झाले. मुले कामाला लागली. ऊर्मिला टेबलांमधून फिरत होती, हात पाठीमागे. आता ती बोलत होती, आणि तेही प्रश्नच. मला जर्मन येत नाही, पण प्रश्न आवाजावरून कळतो. मूल तिच्याकडे बघायचे, मग मातीकडे बघायचे. मग हात चालायचा. कौले वाकडी होत होती. एकाचे तर पोट सुटले होते. ती ते बघून पुढे गेली. तिचे मनगट लाल झाले होते.

मार्ता नावाची बारीक मुलगी मागे राहिली. तिची माती चौकटीला चिकटली. चौकट उचलली तशी कड फाटली. तिने पुन्हा गोळा केला, पुन्हा आपटला, पुन्हा फाटली. बाकीची मुले हात धुऊन बाहेर पडली. बाहेर सहलीची बस आली. इंजिन चालूच होते. मार्ताच्या डोळ्यांत पाणी आले.

मला कळले होते, ती वाळू भुरभुरायला विसरत होती. ऊर्मिलालाही कळले होते. एक चिमूट वाळू टाकून एकदा आपटले की काम संपले असते. फ्राऊ हेल्मरिश यांनी बाहेर बसकडे पाहिले. ऊर्मिला खाली बसली, मार्ताच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि काहीतरी विचारले. मार्ताने मान हलवली. ऊर्मिलाने शेजारच्या टेबलावरच्या मोकळ्या चौकटीकडे पाहिले. बोट दाखवले नाही, फक्त पाहिले. मार्ताने त्या चौकटीच्या आतून बोट फिरवले. बोटाला वाळू लागली. तिने बोटाकडे पाहिले.

एवढ्यात वर्गाच्या बाई आत आल्या. घड्याळ दाखवले, भराभर बोलल्या, बाह्या वर केल्या आणि मार्ताची माती उचलायला हात घातला.

ऊर्मिला उभी राहिली. आवाज चढवला नाही. त्या दिवशीचे जर्मन बोलणे तिने मला नंतर मराठीत सांगितले. ती म्हणाली: "प्लीज, हात पाठीमागे घ्या."

बाईंचा हात हवेत राहिला. "बस थांबणार नाही," त्या म्हणाल्या.

ऊर्मिला माझ्याकडे वळली. मराठीत म्हणाली, "बाबा, माझ्या पिशवीतल्या ब्रेत्झेल ड्रायव्हरला नेऊन द्या."

"त्याला सांगू काय?"

"काही सांगू नका. नुसत्या द्या."

मी गेलो. ड्रायव्हर जाडजूड होता, रागात होता. मी पिशवी पुढे केली. त्याने आत पाहिले, माझ्याकडे पाहिले, काहीतरी विचारले. मला कामापुरता एकच शब्द येत होता. "या," म्हटले. म्हणजे हो. कशाला हो म्हटले, देव जाणे. तो हसला, इंजिन बंद केले आणि पायरीवर बसून खाऊ लागला.

परत आलो तेव्हा मार्ता वाळू भुरभुरत होती. वर्गाच्या बाई हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या, शाळेतल्या पोरीसारख्या. मार्ताने गोळा डोक्यावर घेतला. टाचा उचलल्या. आपटला. आवाज चांगला आला. पट्टी ओढली. चौकट उचलली. कड फाटली नाही. एक कोपरा दबलेला, दुसरा जाड. मग तिने बोटे भिजवली आणि वरून खाली ओढली. मध्ये रेघ हलली. तशीच राहिली.

फ्राऊ हेल्मरिश उठून आल्या. कौलकामगारांची इथे एक जुनी रीत आहे. दिवसाच्या शेवटच्या कौलावर काम करणाऱ्याने आपली खूण करायची, सूर्य, फूल, काहीही. त्याला फायरआबेंडचे कौल म्हणतात, काम सुटल्याचे. त्यांनी मार्ताला काडी दिली. मार्ताने विचार केला आणि बस काढली. चाकांसह. बसच्या पायरीवर एक जाडा माणूस.

वर्ग गेला. शेडमध्ये आम्ही तिघे. फ्राऊ हेल्मरिश यांनी ऊर्मिलाच्या मनगटाकडे पाहिले.

"दुखतंय?" त्यांनी विचारले.

"खूप," ऊर्मिला म्हणाली.

"ऑगस्टपासून या. पक्क्या कामावर."

बसमध्ये ऊर्मिला खिडकीकडे तोंड करून बसली होती. फाउंड्रीत चांगला साचा निघाला की आम्ही कौतुक करत नसू. पुढच्या साच्याला हात घालत असू. पण त्या दिवशी घरी चहा मी केला आणि कप तिच्या हातात दिला. तिने बसून प्यायला.

पुढच्या उन्हाळ्यात आलो तेव्हा तिने बेकरी सोडली होती. दिवस सहाला सुरू होत होता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मला शहराच्या कडेला घेऊन गेली. तिथे श्रेबरगार्टन असतात, भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या पट्ट्या, प्रत्येकीत एक छोटी खोपटी. तिचा नंबर लागला होता. खोपटीचे छप्पर गेलेले होते. बेकरीतल्या वर्षांची शिल्लक आणि संग्रहालयाचा पहिला पगार मिळून तिने ती पट्टी घेतली आणि एका पाडलेल्या कोठाराची जुनी हातकौले आणली. हृषिकेश पैसे देत होता. तिने घेतले नाहीत.

छप्पर तिने आणि उर्जाने घातले. मी शिडी धरायला पुढे झालो.

"बाबा," ऊर्मिला वरून म्हणाली, "हात पाठीमागे."

"शिडी हलते आहे."

"हलू दे. मला कळतंय."

मी हात पाठीमागे घेतले. बघत उभे राहणे अवघड काम आहे. दोघींनी खालून वर एकेक ओळ लावत नेली. शेवटच्या ओळीत उर्जाने संग्रहालयात केलेले तिचे स्वतःचे कौल बसवले. वाकडे आहे. बोटांच्या रेघा बारीक आहेत.

नंतर पाऊस झाला. खोपटी आतून कोरडी होती, एक कोपरा सोडून. तिथे वर उर्जाचे कौल आहे. ऊर्मिलाने खाली पुदिन्याची कुंडी ठेवली आहे. पुदिना जोरात आहे.