भाऊकाकांची साक्ष आणि माझं भाषांतर

दुपारचे तीन वाजले होते. फोनवर हौगांगच्या आजी होत्या, भाऊकाकांच्या समोरच्या दारात राहणाऱ्या चिनी आजी. लिफ्टपाशी एकमेकींकडे बघून हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. "युवर अंकल आह, स्लीपिंग इन द चेअर. आय कॉल, कॉल, डोन्ट वेक अप लाह," त्या म्हणाल्या. खरं सांगते, मला आधी हसूच आलं. भाऊकाका आणि दुपारची झोप? ज्या माणसाने स्वतः दुपारी कधी डोळा मिटला नाही आणि दुसऱ्या कुणाला सुखाने मिटू दिला नाही, तो खुर्चीत झोपलाय? मग आजी रडायला लागल्या आणि मला कळलं, भाऊकाका गेले. त्याला आज सात आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायचं तर माझ्या एका अपराधाविषयीही लिहावं लागणार, म्हणून इतके दिवस टाळत होते.

त्यांचं पूर्ण नाव रघुनाथ साळवी, मूळचे रत्नागिरीकडचे. आमचं नातं काहीच नव्हतं. माझे यजमान मरीन इंजिनिअर, त्यांच्या नोकरीपायी आम्ही सिंगापुरात बिशानला फ्लॅट घेऊन राहिलो, आणि पहिल्याच वर्षी मराठी मंडळींच्या गणपतीत हा काटकुळा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा भेटला. तरुणपणी जहाजावर खलाशी, युद्धानंतर इथल्याच बंदरावर टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजून लिहून घेणारे कारकून, लग्न केलेलं नाही, हौगांगला एकटेच राहतात, एवढी माहिती पहिल्या पाच मिनिटांत मिळाली. "मधली काही वर्षं रेल्वेत होतो," असंही ते म्हणाले. मी पडले पुण्याची. रेल्वे म्हटल्यावर माझ्या तोंडून गेलं, "अरे वा! मग पेन्शन असेल, पास असेल." भाऊकाका खूप हसले. पुढे कित्येक वर्षं भेटले की विचारायचे, "काय बाय, माझा पास आला का?" ती कुठली रेल्वे हे मला नंतर कळलं. सयामच्या जंगलातून ब्रह्मदेशापर्यंत जपान्यांनी कैद्यांकडून आणि पकडून नेलेल्या मजुरांकडून बांधून घेतलेली ती रेल्वे. कळल्यावर आठवडाभर मला स्वतःची लाज वाटत होती.

त्या गणपतीच्या दिवशीच त्यांची खोड पाहिली. मोदकांचं जेवण झालं, पुरुषमंडळी हॉलमध्ये चटयांवर आडवी झाली आणि घोरण्याची जुगलबंदी सुरू झाली. भाऊकाका उठले आणि एका टोकाने सुरुवात केली. आधी पायाच्या अंगठ्याला हात लावायचे, मग नाव घेऊन तीन हाका मारायचे, आणि तरी माणूस हलला नाही तर नाकाशी दोन बोटं धरायचे. माणूस दचकून उठला की मान डोलावून पुढच्याकडे! कुणी चिडलं, कुणी हसलं. माझे यजमान तर त्यांना गजराचं घड्याळ म्हणायचे. एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोतही तेच. इथे डब्यात बसलं की निम्मी माणसं झोपतात. एकदा टाय घातलेल्या एका अनोळखी गृहस्थाच्या नाकाशी यांनी बोटं नेली आणि तो ओरडला, "अंकल, व्हाय यू लाइक दॅट!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र समाधानाने म्हणाले, "आहे. चांगला आहे."

आम्ही सगळे हसायचो, पण एका दुपारी माझं हसू आटलं. ताप आलेली माझी मुग्धा आतल्या खोलीत झोपली होती. मी कपडे वाळत घालून आले तर भाऊकाका तिच्या पलंगाशी उभे. दोन बोटं तिच्या नाकाशी, आणि ओठ हलताहेत. ते तिला हाक मारत नव्हते. कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते, एखाद्याला खबर द्यावी तसं... "ही जिवंत आहे रे. मी बघितलंय. ही जिवंत आहे." खोलीत आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं. मी रागावून विचारलं, "काका, हे काय चाललंय?" ते गोंधळले, चपला घालून निघूनच गेले. मुग्धा संध्याकाळी म्हणाली, "भाऊ आजोबा ऑलवेज चेक पीपल, आई. लाइक डॉक्टर लाह." तिला कधीच त्यांची भीती वाटली नाही. मला मात्र वाटायला लागली, हे कबूल करते.

मग युद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली. पेपरात आठवणींचे रकाने भरायला लागले आणि विद्यापीठातली एक संशोधक, मिस टॅन, भाऊकाकांचा माग काढत आली. त्या रेल्वेवरच्या गोऱ्या कैद्यांनी खूप लिहून ठेवलंय, ती म्हणाली, पण आशियाई मजुरांचं कुणी लिहिलंच नाही, आणि आता माणसं राहिली नाहीत. भाऊकाकांनी एकच अट घातली, मी मराठीत बोलणार. आमच्या बिशानच्या घरी बैठक ठरली आणि दुभाषी कोण, तर मी. माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी, त्यामुळे मी खूष होते. तरी न राहवून म्हटलं, "काका, जन्मभर बंदरावर इंग्रजीच बोललात की तुम्ही."

"मला येतं गो. धोंडूला येत नाही."

"कोण धोंडू?"

"त्याच्याबद्दलच सांगायचंय. आणि त्यालाच कळलं नाही तर काय उपयोग?" असं म्हणून त्यांनी डायनिंग टेबलाची एक रिकामी खुर्ची जराशी मागे ओढून ठेवली, पाहुण्याला बसायला सोपं जावं तशी. मिस टॅन आपली कॅसेट लावत होती. तिच्या लक्षात आलं नाही.

ते शांतपणे बोलत गेले. त्यांचं जहाज सिंगापूरच्या बंदरात बॉम्बनी बुडालं. भाऊकाका त्या जहाजावर आगवाले, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा सारणारे, आणि धोंडू भुवड यंत्रांना तेल घालणारा तेलवाला. दोघं एका खाडीकाठचे. सिंगापूर पडल्यावर काम मिळेल, भात मिळेल म्हणून नेलं ते बंद मालडब्यातून, आणि पुढे चिखलातून चालवत. कुली कॅम्पात रबराच्या मळ्यांवरून आणलेली तमिळ कुटुंबंच्या कुटुंबं होती. गोऱ्यांच्या कॅम्पात निदान त्यांचे स्वतःचे डॉक्टर होते, इथे कुणीच नव्हतं. पावसात पटकी आली. एका सकाळी पहारेकऱ्याने विचारलं, आगीचं काम कुणाला येतं? "मी हात वर केला," भाऊकाका म्हणाले. "मला वाटलं, स्वैपाकाच्या चुलीवर घेतील. कोरड्यात राहीन." त्यांना बांबूच्या सरणावर नेलं. रोज झोपडीत जायचं, जे हलत नाहीत त्यांना उचलायचं आणि जाळायचं. कोण मेलंय, कोण नुसतं निपचित पडलंय, हे बघायला वेळ नव्हता. पहारेकरी बोट दाखवील तो मेलेला.

तिसऱ्या दिवशी बोट धोंडूकडे गेलं. भाऊकाकांनी त्याला हाक मारली नाही. ओरडून हाक मारायचं त्राण नव्हतं, म्हणाले, आणि तो बोलणार नाही असं मनाने धरलंच होतं. "आगीत मढं उठून बसतं, बाय. सांधे आखडतात. ते मी रोज बघत होतो. धोंडू उठून बसला नाही. त्याने मान वळवली. माझ्याकडे बघितलंन आणि म्हणाला, भाऊ, पाणी दे रे."

"मग?" मी विचारलं.

"माझ्या हातात लांब बांबू होता. तो मी पुढे सारला, त्याला आत लोटायला. पाठीला संगीन होती, हे खरं. पण नसती तर मी त्याला ओढून काढला असता की नाही... ते मला अजून सांगता येत नाही."

मिस टॅन माझ्याकडे बघत होती. तेवीस-चोवीस वर्षांची पोर, हातात पेन्सिल. आणि मी, कॉन्व्हेंटची हुशार दुभाषी, मी तिला इंग्रजीत सांगितलं की त्यांचा मित्र तोवर गेलेला होता, त्याला अग्नी द्यायचं यांच्या नशिबी आलं, आणि त्याचं यांना फार दुःख आहे. माझ्या जिभेने ते खरं वाक्य उचललंच नाही. या म्हाताऱ्याला जगापुढे कशाला उघडं पाडायचं, असं मी मनाशी म्हटलं. पण खरं कारण वेगळं होतं. ते वाक्य माझ्या आवाजात, माझ्या जेवणाच्या टेबलावर मला नको होतं. भाऊकाकांनी माझ्याकडे पाहिलं. "एवढंच? तुझं इंग्रजी फार आखूड आहे गो," म्हणाले. मी चहाचं निमित्त करून स्वैपाकघरात गेले.

त्यानंतर एक नवल घडलं. भाऊकाका लोकांना उठवेनासे झाले. पुढच्या गणपतीला सगळा हॉल घोरत होता आणि ते मुग्धाशी पत्ते खेळत बसले होते. मी चारचौघींत फुशारकी मारली, "बोलून मोकळे झाले हो. कुणीतरी नीट ऐकून घ्यायला हवं होतं." तीन वर्षं मी त्या समजुतीत होते. या तीन वर्षांत त्यांनी त्या दिवसाचा शब्द काढला नाही. माझ्यावरची माया तसूभर कमी झाली नाही. उलट मी आजारी पडले तेव्हा हौगांगहून बस बदलत रोज पेज घेऊन आले.

ते गेल्यावर महिन्याने मिस टॅनचं पत्र आलं. मुलाखत आता वाचकांसाठी खुली करायची होती, त्याआधी दुभाषी म्हणून माझी सही हवी होती. आठवडाभर झोप नाही. सही केली तर धोंडू भुवड कायमचा आधीच मेलेला ठरणार. न केली तर मी खोटारडी. शेवटी मनाचा हिय्या करून गेले आणि खुर्चीत बसायच्या आत सांगून टाकलं, "मी त्या दिवशी चुकीचं भाषांतर केलं." मिस टॅन म्हणाली, "आय नो, आंटी." तिने कपाटातून कॅसेट काढली. "त्यांनीच सांगितलं होतं, मी गेल्यावर तिला ऐकवा. आधी नको, तिच्या मनाला लागेल."

मी हेडफोन कानाला लावले. खरखर झाली आणि भाऊकाका बोलले, इतक्या जवळून की मी मागे वळून पाहिलं. आधी मराठीत. "धोंडू, हिला नाही जमलं रे. लेकुरवाळी आहे, असू दे. आता मी इंग्रजीत सांगतो. तुला कळायचं नाही, रागावू नको. सांगू ना?" मग टेपवर काहीच नाही. पंधरा-वीस सेकंद नुसती खरखर, पलीकडे माझ्याच स्वैपाकघरात भांड्यांचा आवाज. आणि मग भाऊकाका म्हणाले, "हां. बरं." कुणीतरी उत्तर दिल्यासारखं... पुढे त्यांनी सावकाश, बंदरावर मालाच्या पेट्या लिहून घेतात तशा ठोक इंग्रजीत सगळं सांगितलं. त्याचं पूर्ण नाव, गाव, नावाचं एकेक अक्षर सुटं करून. तो जिवंत होता. त्याने पाणी मागितलं. मी बांबू सारला. लिहिलंत का?

मी हेडफोन काढले नाहीत. मिस टॅनने कागद पुढे सरकवला, त्यावरचं माझं वाक्य मी खोडलं आणि वर भाऊकाकांची तीन वाक्यं एकाखाली एक लिहिली. कानात पावलं वाजली, ट्रे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "झालं आमचं बोलून, ये बाय, बस," भाऊकाका अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले. मी सही करत होते, आणि टेपवर मी त्यांना विचारत होते, साखर किती घालू.