आपलं तेवढं सांगा

शांतवनमामा बोलायला उभे राहिले की आम्हा पोरींना आधीच हसू फुटायचं. आमच्या भंडाऱ्याच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तयारीची सभा असे. उद्या प्रभूच्या मेजाशी जाऊन त्याच्या आठवणीची भाकरी आणि प्याला घ्यायचा, तर आज स्वतःच्या आत डोकावून घ्यायचं, एवढाच तिचा अर्थ. प्रत्यक्षात लोक शेजाऱ्याच्या आत डोकावत. अमक्याचा मुलगा सिनेमाला जातो, तमकीच्या घरी प्रार्थना बंद पडली. वर 'प्रार्थनेत आठवण करा' असं जोडायचं, म्हणजे चुगली म्हणायला नको! मामा मात्र खाकी कपड्यातच उठत आणि म्हणत, "लाखनीच्या रस्त्यावर बैलबंडीवाल्याले शिवी देल्ली. त्याची काही चूक नव्हती. माझी पाठ दुखून राहिली होती." आणि खाली बसत.

मामा एसटीवर ड्रायव्हर. नात्याने आमचे कोणीच नव्हते. बाबा गेल्यावर आईने त्यांना भाऊ मानलं, म्हणून मामा. एकदा सभेत एका बाईंनी आपल्या जावेचं पुराण लावलं. मामा डोळे मिटूनच म्हणाले, "बाई, तुमचं आपलं तेवढं सांगा. जाऊबाईचं जाऊबाई सांगतील." घरी आल्यावर आईने विचारलं, "काहून हो, तुमाले दुसऱ्याचं काही दिसतच नाही का?"

"दिसते ना. मले तर लय दिसते. म्हणून तर भेव वाटते."

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, सुशीलाताईने, लाखनीच्या एका मास्तरांशी रजिस्टर लग्न केलं. बौद्ध घरातले, भले गृहस्थ, पण मंडळीबाहेरचे. चर्चच्या पंचांची बैठक बसली, लांबता लांबली आणि ताईला प्रभुभोजन बंद झालं. तिने उपासनेला यावं, गावं, मागे बसावं. भाकरीचं ताट समोरून जाईल, पण हात लावायचा नाही. निर्णय एकमताने झाला. मामाही पंच होते, म्हणजे त्यांचाही हात वर होता.

आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मलाही त्यांचं तोंड पाहवत नव्हतं. ताई हट्टी. भोजनाच्या रविवारी बसने यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. आई पुढे भाकरीचा तुकडा हातात धरून रडायची. घरातला तो रविवार म्हणजे सुतकासारखा.

पुढच्या तयारीच्या सभेत मामा उठले. म्हणाले, "सुशीलाच्या बैठकीत मी हात वर केला. तिची चूक समजली म्हणून नाही. दिवसभर गाडी चालवून आलो होतो, घरी जाची घाई होती. सगळ्यायचे हात वर होते, माझाबी केला. लेकराले मेजावरून उठवलं अन् घरी जाऊन पोटभर जेवलो."

एक पंच तडकले. "म्हणजे आमचं चुकलं म्हणता?"

"तुमचं मले काय माहीत जी? मी माझं सांगून राहिलो."

दुसऱ्या दिवशी मामा शेवटच्या बाकावर ताईशेजारी जाऊन बसले. ताट आलं, तसंच पुढे गेलं. ताई कुजबुजली, "मामा, तुमी घ्या ना. तुमाले कोणी बंद केलं?"

"मीच केलं न बाई."

त्या दुपारी आईने त्यांना जेवायला बोलावलं.

त्यानंतर मामांनी पंचांना परत परत विनवलं, पोरीचा विचार करा. उत्तर ठरलेलं: पुढच्या बैठकीत बघू. वर्षं अशीच गेली. मामा रिटायर झाले, पाय सुजायला लागले, पण बाक सोडलं नाही. शेवटी ताईच कंटाळली, म्हणाली, "जाऊ द्या आता, मामा." मामा म्हणाले, "थकलो तर मीबी आहो. पण थकून एकदा हात वर केला, आता थकून बाक नाही सोडत."

त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा पाळकसाहेब भाकरी आणि प्याला घेऊन घरी आले. आई आणि मी उशाशी होतो. मामांनी विचारलं, "सुशीलाले देल्ली का?"

"शांतवनभाऊ, पंच बसतील, मग..."

"मग बसू द्या. मी थांबतो."

पंच काही बसले नाहीत. मामा तसेच गेले.

माती झाल्यावर मात्र बैठक लगेच बसली, आणि घटकाभरात ताईला भोजन खुलं झालं. इतकं सोपं होतं ते! माझ्या अंगाची आग आग झाली. शनिवारच्या सभेत ताई उठली. सगळ्यांना वाटलं, आता आभार मानेल.

"मामा न खाता गेले," ती म्हणाली. "मले तुमा सगळ्यायचा राग येते. रोज येते. असा राग धरून मी मेजाशी येऊ नाही शकत. उद्या ताट पुढे जाऊ द्या. राग गेला की मी सांगीन." आणि ती बसली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याशेजारी बसले होते. ताट तिच्यासमोरून माझ्याकडे आलं. ताई मागे उपाशी बसलेली असताना इतकी वर्षं मी बिनघोर भाकरी घेतली होती. त्या दिवशी हात पुढे होईना. मी ताट तसंच पुढे दिलं.